कार्बनचा पाय, काळी माती: संत्र्याच्या बागेतलं एक प्रकरण

हा कृत्रिम पाय मीच बनवला होता. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना दोष कोणाचा हे शोधत बसायला नको.

रुग्ण काटोल तालुक्यातला संत्रा बागायतदार. वय 43, वजन 68 किलो. रोटाव्हेटरमध्ये डावा पाय सापडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. स्टम्पची, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाची, लांबी गुडघ्यापासून 14 सेंटिमीटर, म्हणजे आमच्या कामासाठी उत्तम. शुगर नाही, रक्तपुरवठा चांगला, टाके व्यवस्थित भरलेले. नागपुरात मेडिकल चौकाजवळच्या माझ्या वर्कशॉपात तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या साळ्याने मोबाइलवर कार्बनच्या पात्यावर धावणाऱ्या खेळाडूचा व्हिडिओ दाखवला होता. "असाच पाहिजे जी. पैशाचं पाहू आमी." मलाही मोह झाला. अंगात ताकद असलेला, कष्टाळू माणूस, स्टम्प सुरेख आणि पैसे द्यायला घरचे तयार. असा रुग्ण रोज येत नाही.

मग मी त्याला सगळं भारीतलं दिलं. कातडीवर सिलिकॉनचा लायनर, म्हणजे आतलं मऊ आवरण, त्याच्या टोकाला लॉकमध्ये बसणारी पिन, स्टम्प ज्यात बसतो ते रेझिनमध्ये बसवलेल्या कार्बन फायबरचं पातळ सॉकेट, खाली अॅल्युमिनियमची नळी आणि तिच्याखाली कार्बनच्या पात्यांचा पाय. पात्यांवर खऱ्या पावलासारखं दिसणारं पॉलियुरेथेनचं कव्हर. सगळा पाय हातात घेतला तर भरलेल्या पाण्याच्या बाटलीपेक्षा थोडाच जड. ट्रायलला वर्कशॉपातल्या फरशीवर तो असा चालला, की माझ्या टेक्निशियनने टाळ्या वाजवल्या.

फरशीवर. हा शब्द तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवा होता.

तक्रार काय होती

जानेवारीत पाय दिला. मार्चपर्यंत एकही फोन नाही. एप्रिलच्या शेवटी आला तो, "पाय ढिला झाला" म्हणून. पहिल्या वर्षात स्टम्प आटतोच, सॉकेट सैल होतं. मी पाहिलं न पाहिलंसं केलं, लायनरवर घालायला एक मोजा वाढवून दिला आणि परत पाठवलं. हा माझा दुसरा दोष.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो कुबड्यांवर आला, पाय पोत्यात गुंडाळून बायकोच्या हातात. नागपूरचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. पारा 45 च्या वर, सकाळी दहालाच रस्ते ओस. एसटीने साठेक किलोमीटर येऊन, स्टँडवरून ऑटो करून तो दारात उभा होता. नडगीच्या हाडाच्या टोकाशी रुपयाएवढी जखम, आतून लाल, कडा पांढऱ्या भिजलेल्या.

"पाय लय गरम होते जी. दुपारी काढला का आतून पाणीच पाणी. अन् चालताना असा वर-खाली होते, मंग टोचते."

"रोज किती वेळ घालता, भाऊ?"

"सकाळी पाचले घालतो, राती काढतो. आंब्या बहाराचं ओलीत चालू हाय, फळगळ होऊ देऊन कसं चालीन?"

बायको मधेच म्हणाली, "अन् कुरकुर वाजते तो. राती बी आवाज येते, हे आले का मले आधी समजते."

म्हणजे तक्रारी तीन: घाम, घसरणं आणि कुरकुर. मला वाटत होतं तिघींचं मूळ एकच, सैल सॉकेट. तसं नव्हतं.

पहिलं कारण: घाम

जखमेवर पाय घालायला लावणं बरोबर नव्हतं, म्हणून त्याच्याकडून शेवटच्या दिवसाची हकीकत खोदून खोदून काढून घेतली. घरून निघताना लायनर घट्ट. बागेत दोन तास. मग बोअरच्या मोटरीपाशी बसून पिन सोडली आणि लायनर उलटा केला, तर दोन मोठे चमचे भरतील एवढा घाम मातीत सांडला. फडक्याने पुसून पुन्हा चढवला, तर अर्ध्या तासात परत तेच.

सिलिकॉन पाणी शोषत नाही आणि हवाही आरपार जाऊ देत नाही. थंड देशात हा गुण आहे: कातडीला चिकटून राहतो, निर्वात पकड मिळते, कातडी घासत नाही. सॉकेटच्या आत उष्णताही कोंडून राहते. अर्धा तास चाललं की आतल्या कातडीचं तापमान साधारण तीन अंशांनी वाढतं आणि तासभर बसून राहिलं तरी पूर्ण उतरत नाही, असं मोजमापांत दिसलेलं आहे. हे मोजमाप प्रयोगशाळेतलं, जिथे खोलीत एसी असतो. आमच्याकडे बाहेरची हवाच कातडीपेक्षा तापलेली. तिथे उष्णता जाणार कुठे? मग शरीर घाम काढतं, घामाला वाट नाही, तो कातडी आणि सिलिकॉनच्या मधे थर धरून बसतो. पकड सुटते. पाय उचलला की सॉकेट खाली लोंबतं, टेकला की वर चढतं. आम्ही याला पिस्टनिंग म्हणतो. पिन-लॉकमध्ये तर प्रत्येक पावलाला स्टम्पचं टोक पिनेसकट खाली ओढलं जातं. जखम नेमकी तिथेच झाली होती.

आणि मी एप्रिलमध्ये वर मोजा वाढवला होता. म्हणजे आधीच तापलेल्या पायावर आणखी एक गोधडी घातली.

दुसरं कारण: ढेकूळ

त्यानंतर पाय टेबलावर घेतला. पावलाचं पॉलियुरेथेनचं कव्हर पुढून फाटलं होतं. पावसाळ्याआधीच? मग आठवलं, ओलीत. आळ्यात पाणी सोडलं की आमची काळी माती जी धरते ती धरते. कोरडी असली की भेगा पडतात, ओली झाली की फुगते आणि चपलेचा तळ उपटून घेते. त्याने कबूल केलं की एकदा चिखलाने कव्हरच पावलावरून ओढून काढलं होतं, मग त्याने ते धुऊन पुन्हा चढवलं.

मी शूहॉर्नने कव्हर काढायला गेलो तर निघेना. दोघांनी ओढलं. आतून जे बाहेर आलं ते मी अजून फोटोत जपून ठेवलंय: पावलाच्या आकाराचं अख्खं ढेकूळ. वरच्या-खालच्या पात्यांच्या मधली जागा मातीने गच्च भरलेली, वाळून विटेसारखी टणक झालेली. हातोडीच्या दांड्याने ठोकली तर आवाज भिंतीवर ठोकल्यासारखा.

कार्बनच्या पायाची सगळी करामत पातं वाकण्यात आहे. टाच टेकली की पातं दबतं आणि पुढे जाताना ती ताकद परत देतं. पात्यांच्या मधे ढेकूळ बसल्यावर ते वाकणार कसं? म्हणजे माझा रुग्ण दोन-अडीच महिने भारीतल्या स्प्रिंगवर चालतच नव्हता, तर विटेवर चालत होता. प्रत्येक टाचेचा धक्का थेट वर, सॉकेटमध्ये, नडगीच्या टोकावर. पात्याच्या कडांवर बारीक खरड होती. मातीतली रेव घासून वरचं रेझिन उडालं होतं आणि काळे धागे केसांसारखे उभे राहिले होते.

तिसरं कारण, जे त्यानेच सांगितलं

कुरकुरीचा उगम अॅल्युमिनियमच्या नळीच्या खालच्या क्लॅम्पमध्ये सापडला. एलन की लावली तर स्क्रू जाम. कसाबसा सोडवला तेव्हा नळीवर पांढरी भुकटी, तिच्यात निळसर-हिरवी झाक आणि खाली मुंग्यांनी पोखरल्यासारखे बारीक खड्डे.

घामातल्या मिठाने अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, स्टीलच्या स्क्रूजवळ जास्त येते, हे मला ठाऊक होतं. दोन वेगवेगळे धातू आणि मधे खारट ओल, म्हणजे छोटी बॅटरीच. पण हिरवी झाक? युरिया, डीएपी, काय काय डोक्यात आलं. मी नळी त्याच्यासमोर धरली.

त्याने एकदाच पाहिलं. "हे तर बोर्डो हाय."

पावसाळ्याआधी संत्र्याच्या खोडाला बोर्डो मलम लावतात. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं निळं मलम, डिंक्या रोगाला आळा घालायला. त्या आठवड्यात तो तेच करत होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, ब्रशने खोड रंगवत. मलमाचे शिंतोडे आणि ओघळ सरळ नळीवर.

"काहून जी," तो हसायला लागला, "बोर्डो मी जिंदगीत कधी लोखंडी बकेटात कालवला नाही. प्लॅस्टिकच्याच ड्रमात कालवतो. लोखंडात टाकला तर इळ्यावर जसं तांबं चढते तसं चढते. अन् पाय मात्र त्याच्यातच घालून बसलो!"

इळ्याची, म्हणजे विळ्याची, ती खूण सगळ्या बागायतदारांना माहीत असते. तयार मिश्रणात लोखंडी इळा बुडवायचा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. लोखंडावर जे होतं तेच अॅल्युमिनियमवर होतं, उलट जोरात. अॅल्युमिनियमवर स्वतःचं एक बारीक ऑक्साइडचं पापुद्र्यासारखं कवच असतं, त्याच्या जोरावर ते टिकतं. चुन्याचं जहाल पाणी ते कवच खातं आणि मोरचुदातलं तांबं उघड्या धातूवर बसून त्याला खड्डे पाडतं. पंचवीस वर्षं हे काम करतोय, पाय बोर्डोत भिजेल हे एकदाही मनात आलं नव्हतं. कंपनीच्या पुस्तकातही ते असायचं कारण नाही. ते लिहिणाऱ्याने संत्र्याचं खोड कधी रंगवलंय?

मग पाय कशाचा?

आधी जखम. तीन आठवडे पाय बंद, कुबड्या. हा निर्णय त्याला सगळ्यात कडू गेला. मलमाचं काम बायको आणि गड्याने केलं. या तीन आठवड्यांत मी त्याच्याकडून, उशिरा का होईना, तो दिवसभर काय काय करतो हे लिहून घेतलं. आळ्यात उतरणं. उकिडवं बसून खोड रंगवणं. ठिबकच्या नळ्या साफ करणं. अनवाणी देवघरात जाणं. ट्रॅक्टरवर चढणं. लग्नकार्यात तासन्‌तास उभं राहणं. या यादीत धावणं कुठेही नव्हतं.

उकिडवं बसण्यापाशीच कार्बनचा पाय नापास होतो. घोट्यापासून चवड्यापर्यंत आत ताठ पातं असलं की पाऊल वर वाकत नाही, माणूस मागे पडतो. हेच ओळखून जयपूरला 1968 मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि ऑर्थोपेडिक सर्जन डॉ. प्रमोद करण सेठी यांनी वेगळं पाऊल केलं. टाचेला आणि चवड्याला स्पंजासारखं मायक्रोसेल्युलर रबर, घोट्यात लाकूड, टायरमध्ये असते तशी कॉर्ड, आणि या सगळ्यावर कातडीच्या रंगाचं रबर चढवून साच्यात भट्टी दिलेली. टायर रिट्रेड करणाऱ्या दुकानात रामचंद्रजींना हे सुचलं असं सांगतात. चवड्यापर्यंत ताठ काही नाही, म्हणून ते वाकतं, बाजूलाही कलतं, बूट लागत नाही, चिखलातून निघतं आणि नळाखाली धुता येतं. डॉ. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे मिळालं. डी. आर. मेहतांनी 1975 मध्ये सुरू केलेल्या समितीने हे पाऊल देशभर पोचवलं. आमच्या व्यवसायात काही जण याला 'गरिबांचा पाय' म्हणून नाक मुरडतात. मीही मुरडत होतो, हेही लिहूनच टाकतो.

मटेरियलचं हे असंच असतं. इंग्लंडात जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्यासाठी आधी टेफ्लॉन निवडलं होतं, कारण त्याच्याइतकं निसरडं काही नाही. रुग्ण आनंदात घरी गेले आणि काही वर्षांतच टेफ्लॉन झिजून त्याचा चुरा आजूबाजूला साचला. चार्नलींना एकेक खुबा पुन्हा उघडावा लागला. 1962 मध्ये त्यांनी अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन घेतलं. ते टेफ्लॉनइतकं निसरडं नाही, पण झिजत कमी होतं. खुब्यात आजही मुख्यतः तेच कूळ चालतं.

तर मी ठरवलं ते असं. बागेसाठी वेगळा पाय, ज्यात धातू जवळजवळ नसेल. सॉकेट आणि खालची पोटरी, दोन्ही एचडीपीई या प्लॅस्टिकची. पॉलिप्रॉपिलीनचाही विचार केला होता. त्याचा दुधी पत्रा ओव्हनमध्ये तापत तापत अचानक काचेसारखा पारदर्शक होतो, तो क्षण मला अजूनही आवडतो. पण पॉलिप्रॉपिलीन जास्त ताठ. एचडीपीई मऊ, चिवट, ट्रॅक्टरच्या पायरीवर आपटलं तर पोचा येईल, तडा जाणार नाही. शिवाय जयपूरची पद्धत सरळ पाइपवरच चालते. पीओपीच्या मोल्डवर तापवलेला पाइप मोज्यासारखा खेचायचा.

पाइप ओव्हनमध्ये जाताना तो शेजारीच बसला होता.

"हे तर तुषारचे पाइप व्हय!"

"तेच."

"घरी दहा पडले हायत जी. आणून देतो ना."

शेतातले पाइप उन्हात वर्षानुवर्षं तापून ठिसूळ झालेले असतात, त्यांचा पाय होत नाही, हे समजावायला थोडा वेळ लागला. पण त्याचा चेहरा पाहून वाटलं, या पायाशी त्याची आधीच ओळख झालीय. कार्बनचा पाय त्याने कायम दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूसारखा हाताळला होता.

आतल्या लायनरसाठी सिलिकॉनऐवजी पेलाइट, म्हणजे बंद पेशींचा पॉलिथिलीनचा फोम. पाच मिलिमीटरचा पत्रा तापवून मोल्डवर गुंडाळला. पेलाइटही घाम शोषत नाही, हा त्याचा गुण नव्हेच. पण या पायाची पकड निर्वातावर नसते. गुडघ्याच्या वर बांधलेला पट्टा पाय धरून ठेवतो, वजन गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर (टेंडनवर) जातं आणि आत सुती मोजा घालता येतो. मोजा घाम पितो. दुपारी बदलायचा, ओला मोजा ठिबकच्या नळीवर वाळत टाकायचा. पट्टा चामड्याचा द्यायची रीत आहे, पण चामडं घामाने लाकडासारखं कडक होतं, म्हणून नायलॉनचा दिला.

ट्रायलला नडगीच्या एका बाजूला टोचलं. हीट गन लावली, दोन मिनिटांत तेवढा भाग मऊ करून बाहेर फुगवला. कार्बनच्या सॉकेटमध्ये हे होत नाही. त्यातलं रेझिन एकदा बसलं की पुन्हा वितळत नाही, घासूनच जागा करावी लागते, आणि घासलं की धागे कापले जातात.

एक वर्षानंतर

जखम पुन्हा झाली नाही. पुढच्या मेमध्ये घामोळ्यांसारखे पुरळ आले, मोजा दिवसातून तीनदा बदलल्यावर गेले. बोर्डो पायावर निळाच दिसतो, पण प्लॅस्टिकला काही करत नाही. पावलाच्या स्क्रूवर मी मेण भरून दिलंय.

सगळं गोड नाही. हा पाय जड आहे आणि सगळं वजन खाली पावलात. पहिले दोन महिने संध्याकाळी मांडी भरून यायची. कोन एकदा ठरला की ठरला. सुटे भाग जोडून केलेल्या मॉड्युलर पायात एलन कीने दोन मिनिटांत होणारी दुरुस्ती इथे पाऊल काढून, कापून, पुन्हा बसवून करावी लागली, कारण चार महिन्यांनी त्याचा गुडघा मागे ढकलला जातोय हे माझ्या लक्षात आलं. टाचेच्या रबराला बारीक चीर दिसतेय, आणखी वर्षभराने पाऊल बदलावं लागेल. पेलाइट नडगीच्या जागी दबून पाचाचा साडेतीन मिलिमीटर झालाय.

कार्बनचा पाय मी परत घेतला नाही. पाती साफ केली, नळी आणि क्लॅम्प बदलले, नवं कव्हर घातलं. लग्नाला, नागपूरला येताना आणि हिवाळ्यात तो हाच घालतो, बुटासकट. परवा तो त्याच पायावर चालत वर्कशॉपात आला. बागेचा पाय पिशवीत होता, पेलाइट बदलायला. आणि पिशवीच्या तळाशी मृग बहाराच्या संत्र्यांची दोन-तीन डझनं, पायाच्या वजनाने त्यातली काही फुटलेली.